शेवटच्या ओळीतलं नाव

"चाल लोकांची, शब्द माझे, आणि चुका पण माझ्याच."

गाणं सुरू करण्याआधी तो हे म्हणायचाच. म्हणताना गिटारीच्या पाठीवर दोन बोटांनी टक टक करायचा, आपण दुसऱ्याच्या दारावर करतो तसं. आणि मग नावं सुरू. पहिल्या कडव्याची चाल आजीची. मधला ठेका स्टेशनच्या पुलावरच्या बूटपॉलिशवाल्याचा, तो ब्रश आपटतो त्याचा. 'उंडारणं' हा शब्द अमक्या मावशीचा. लोकांना कंटाळा यायचा. मागून कोणी तरी ओरडायचं, "अरे, गाणं म्हणतोस का रेशनकार्ड वाचतोस?" तो हसायचा आणि उरलेली नावं पूर्ण करूनच गिटार छेडायचा.

त्याचं स्वतःचं नाव मी इथे सांगत नाही. विक्रोळी-घाटकोपरच्या लोकांना ते माहीत आहे, बाकीच्यांना नसलं तरी चालेल. त्या नावाचं मी आधीच पुरेसं वाटोळं केलंय.

आमच्याच मजल्यावर, चार खोल्या सोडून त्याचं घर. बाप माझ्याच कारखान्यात, मी रंगखात्यात तर तो मालखात्यात. बाप गायचाही. चौदा एप्रिलच्या जयंतीला त्यांची गायन पार्टी असायची, हार्मोनियम गळ्यात अडकवून उभा राहिला की लाऊडस्पीकरची गरज नसायची. पोराला गळा बापाचा मिळाला, पण पोरानं हार्मोनियम काही धरली नाही. मनोरीच्या कुठल्या तरी मित्राकडून एक जुनी गिटार घेऊन आला. दोन तारा नव्हत्या तिला. चार तारांवर गॅलरीत बसून दिवसभर कुटत बसायचा. मी त्याला म्हटलं होतं, "काय रे, अंगाला खाज सुटल्यासारखा काय वाजवतोस?"

"काका, खाज तर सुटलीच आहे," तो म्हणाला.

असा होता. उत्तर तयार, पण उद्धटपणा नाही.

पुढे त्यानं एक ढोलकीवाला आणि एक ड्रमवाला गाठला. तिघं मिळून जे करायचे त्याला पोरं काय काय इंग्रजी नावं द्यायची. माझ्या कानाला ते आमच्या गावच्या शिमग्यात नाचणाऱ्या खेळ्यांसारखंच लागायचं, फक्त वीज जोडलेली. गाणी मात्र त्याची स्वतःची. खाडीतल्या चिखलावर गाणं, तिवरांवर गाणं, नोकरी सुटलेल्या माणसाच्या डब्यावर गाणं. डब्याचं गाणं ऐकून माझ्या एका रिटायर मित्रानं जेवण सोडलं होतं एक वेळ.

एकदा तो गॅलरीत कारखान्यावरचं गाणं बसवत होता. "सकाळी सायरन वाजला," असं काही तरी. मी आत पेपर चाळत होतो. मी दुसरी पास, पेपर वाचतो म्हणजे मथळे वाचतो, पण कान शाबूत आहेत. मी बाहेर आलो.

"ए, सायरन पोलिसांच्या गाडीला असतो. कारखान्याला भोंगा."

"बरं. भोंगा वाजला."

"वाजला नाही रे. भोंगा होतो. 'पहिला भोंगा झाला, चल लवकर', असं म्हणायचो आम्ही. तुझ्या बापाला विचार."

तो माझ्याकडे बघतच राहिला. जणू मी त्याला शंभराची नोट दिली होती. "भोंगा झाला," तो पुटपुटला. "काका, हे तर अख्खं गाणं आहे." आणि खरंच, ते त्याचं सगळ्यात चाललेलं गाणं झालं. अंधेरीच्या हॉटेलांत, कॉलेजांत, जिथे भोंगा म्हणजे काय हे कोणाच्या बापाला माहीत नाही तिथे पोरं हात वर करून 'भोंगा झाला, भोंगा झाला' ओरडायची. आणि प्रत्येक वेळी, प्रत्येक ठिकाणी, आधी तो सांगायचा, "हा शब्द माझ्या शेजारच्या काकांचा." माझ्या मुलीनं मुलुंडहून फोन करून विचारलं होतं, "बाबा, तुम्ही गाणी कधी लिहायला लागलात?"

एका शब्दाचं श्रेय देणारा माणूस. हे ध्यानात ठेवा. मी ठेवलं नाही.

त्याला मोठं व्हायची संधी आली नव्हती असं नाही. मढला एका बंगल्यात शूटिंगला बोलावलं होतं. गाणं त्याचंच, गाणारही तोच, टीव्हीवर दिसणार. आम्ही सगळे खूश. संध्याकाळच्या आत परत आला, हातात सुक्या बोंबलांची जुडी, ती माझ्या बायकोच्या हातात दिली आणि उंबऱ्यावर बसला.

"काय रे, झालं पण?" तिनं विचारलं.

"काकी, ते म्हणाले, हा लोकगायक वाटत नाही. धोतर नेसवा, हातात एकतारी द्या. मी म्हटलं, माझा बाप पँट-बुशकोट घालून गायचा. आणि धोतर मला येत नाही नेसता, कडव्याच्या मध्येच सुटलं तर वेगळंच लोकनाट्य होईल."

बायको पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिला खोकला लागला. मी म्हटलं, "मूर्ख आहेस. नेसायचं होतंस."

"नेसलो असतो काका," तो म्हणाला, "पण मग बापाला काय सांगणार होतो?" बाप तेव्हा जाऊन दोन वर्षं झाली होती.

आता माझ्या बायकोबद्दल सांगावंच लागेल. सगळं तिथेच येऊन अडतं.

ती सिंधुदुर्गातली, खाडीकाठची. गळा गोड नव्हता, पण ओव्या इतक्या की संपायच्या नाहीत. कुठल्याही चाळीत लग्न निघालं की हळद दळायला, घाणा भरायला तिला बोलावणं. जात्याचा खुंटा धरला की तिचं तोंड सुरू. घरातही तांदूळ निवडताना, मासे साफ करताना गुणगुणायची. मी ते ऐकायचो म्हणजे पंख्याचा आवाज ऐकतो तसं.

तो मात्र ऐकायचा. मोरीजवळ पाटावर बसायचा, रेकॉर्डिंगला मोबाईल दोघांच्या मधोमध ठेवायचा आणि मध्येच विचारायचा, "काकी, हे कुणाचं?"

"कुणाचं म्हणजे? बायकांचं."

"कुठल्या बाईचं?"

"अरे मेल्या, बायकांच्या गाण्यात नाव नसतं."

"आमच्या बापाच्या गाण्यात असायचं. शेवटच्या ओळीत. ज्यानं लिहिलं त्याचं नाव आलं नाही तर बाप गायचाच नाही ते गाणं."

एक ओवी त्याला फार आवडायची. ती तिचीच होती, तिनंच कधी तरी जोडलेली:

खाडीच्या पल्याड, माझ्या बापाचा गं माड,
त्याच्या सावलीला बाई, माझं नाव ऱ्हायलं आड.

पन्नास वर्षं मी ही ओवी ऐकली. कुठलं नाव राहिलं, हे एकदाही विचारलं नाही.

आणखी एक सांगतो, कारण हे सांगताना लपवाछपवी नको. आई असेपर्यंत आमच्याकडे एक कप वेगळा असायचा. कशासाठी ते तुम्हाला सांगायला नको. आई गेली, पण कप राहिला आणि मी काही बोललो नाही. एक दिवस तो पोरगा बाहेर बसलेला असताना स्वयंपाकघरात काही तरी फुटलं. बायको म्हणाली, "हातातून सुटला." मग त्याच्या हातात माझाच कप आला आणि तो कायम त्याचाच झाला. तिच्या हातातून आयुष्यात दुसरं काही सुटलेलं मला आठवत नाही.

ती आजारी पडली तेव्हा तो हॉस्पिटलात माझ्यापेक्षा जास्त बसला. मी डॉक्टरांशी भांडत होतो, त्यातच माझा वेळ गेला. ती गेली. तेराव्याला कोणी तरी त्याला म्हणालं, काही तरी म्हण. त्यानं मान हलवली. "अजून तयार नाही," म्हणाला. मला वाटलं, रडू येतंय त्याला.

वर्ष झालं असेल. घाटकोपरला मैदानात त्याचा कार्यक्रम ठरला. मोठा होता, आजूबाजूच्या सगळ्या चाळी जाणार होत्या. तो स्वतः मला सांगायला आला. नवा शर्ट, केस विंचरलेले.

"काका, तुम्ही यायलाच पाहिजे. पहिल्या रांगेत तुमची खुर्ची ठेवलीय."

"माझं काय काम?"

"आहे काम," तो म्हणाला आणि उगाच हसत हसत जिना उतरला.

मी कडक इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. 'भोंगा' झालं. माझा शब्द, माझं नाव, टाळ्या. मी मान उंच करून बसलो. मग त्यानं ड्रमवाल्याला थांबवलं, ढोलकीवाल्याला थांबवलं. गिटारीच्या पाठीवर टक टक केलं.

"या पुढच्या गाण्यात माझं काही नाही," तो म्हणाला. "चाल पण नाही, शब्द पण नाहीत. ज्या बाईचं आहे तिचं नाव शेवटच्या ओळीत आहे. ऐका."

पहिल्या ओळीलाच मला कळलं. खाडीच्या पल्याड. तिचा ताल, तिचा श्वास घ्यायचा थांबा, सगळं. आजूबाजूचे चाळकरी माझ्याकडे बघायला लागले, ओळखलं त्यांनी. मी वाट बघू लागलो. आता नाव येईल. रमा. अख्ख्या मैदानात माझ्या रमाचं नाव घुमेल.

शेवटची ओवी आली:

नाव ऱ्हायलं गं तिथं, कुणी हाक मारा, बाई,
ओवी गाते चंद्रकला, तिला दुसरं नाव नाही.

चंद्रकला.

तुम्हाला सांगितलं पाहिजे, की मागच्या बैठ्या चाळीत एक चंद्रकलाबाई आहेत. त्याही हळदीला गातात. 'रमा बरी की चंद्रकला बरी' हे बायकांत नेहमीचंच. माझ्या डोक्यात तेवढंच आलं. माझ्या बायकोची ओवी, माझ्या घरात बसून, माझ्या कपातला चहा पिऊन घेतलेली, आणि नाव लावलं त्या बाईचं.

मी उठून उभा राहिलो. पहिल्या रांगेतला माणूस उभा राहिला की सगळ्यांना दिसतो.

"बंद कर!" मी ओरडलो. "चोर आहेस तू! माझ्या बायकोचं गाणं आहे ते!"

तो थांबला. माईक हातात. "काका," तो म्हणाला, "काका, जरा ऐका..."

"काय ऐकू? मेलेल्या बाईचं चोरतोस? तुझ्या लोकांची गाणी संपली म्हणून आमच्या घरात शिरलास?"

'तुझ्या लोकांची'. हे माझ्याच तोंडून आलं. मी रागात होतो, असं मी स्वतःला कितीदा सांगितलं. पण रागात माणूस जे घरात नसतं ते बाहेरून आणून बोलत नाही. घरात असलेलंच बोलतो.

त्याचा चेहरा मी पाहिला. आधी तोंड उघडलं त्यानं. काही तरी सांगणार होता, ते ओठांपर्यंत आलेलं दिसत होतं. मग माझ्याकडे बघितलं, माझ्या मागे बसलेल्या चाळीकडे बघितलं आणि तोंड मिटलं.

"काका बरोबर बोलतात," तो माईकवर म्हणाला. "गाणं माझं नाही."

गिटार खाली ठेवली आणि मागच्या बाजूनं उतरून गेला.

लोकांनी मोबाईल वर धरलेलेच होते. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते सगळीकडे पोचलं. मी ओरडतोय, आणि तो म्हणतोय, गाणं माझं नाही. कोणी तरी त्यावर अक्षरं टाकली होती, 'चोराची कबुली'. शेजारच्यानं मला दाखवलं. मी म्हटलं, "मोठं करून दाखव." परत एकदा बघितलं.

आठ दिवस मी छाती काढून फिरलो. नाक्यावर लोक म्हणायचे, "काका, बरोबर वाजवलात." एका कॉलेजानं त्याचा कार्यक्रम काढून घेतला, मग दुसऱ्यानं. अंधेरीच्या ज्या हॉटेलात तो दर शनिवारी गायचा तिथला त्याचा फोटो उतरवला. हे सगळं मला कळत होतं, आणि कळून मला वाईट वाटत नव्हतं. जिन्यात त्याचा ढोलकीवाला भेटला. तो माझ्यासमोर उभा राहिला, मूठ आवळलेली.

"तो बोलू देत नाही म्हणून मी गप्प आहे," तो म्हणाला. "नाही तर वाट लावली असती तुमची, काका."

मी म्हटलं, "चोराचा साथीदार."

महिन्याभरानं गावाहून फोन आला. माझा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ. खाडीकाठी राहतो, त्याला ऐकू कमी येतं म्हणून तो ओरडून बोलतो.

"भावजीनू! आज माझ्या बायचा नाव मोबाईलार ऐकलंय! कोणी पोरगो गाता मां, तो! माझ्या डोळ्यांत पाणी इला. पन्नास वर्सांनी कोणी तरी ह्या नाव घेतल्यान!"

त्याच्याकडे फक्त गाणं गेलं होतं. माझं ओरडणं कोणी तरी कापलं होतं.

"कुठलं नाव?" मी विचारलं.

"चंद्रकला!"

"कुठली चंद्रकला?"

तो हसायला लागला. "काय मस्करी करतास भावजीनू! अवो, तुमचीच बायल! दुसरी कोण?" मी हसलो नाही तसा तो थांबला. मग हळू आवाजात, त्याच्या मानानं हळू, म्हणाला, "तुमका ठाऊक नाय?"

ठाऊक होतं. एक दिवस. लग्नाच्या दिवशी.

आपल्यात नवऱ्या मुलीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवं नाव लिहायचं. भटजी म्हणाले, मुलीचं नाव चांगलं आहे, चंद्रकला, हेच ठेवलं तरी चालेल. सगळा मांडव बघत होता. मी दुसरी पास. 'चं' जमला असता, पण तो 'द्र' काढायचा कसा मला माहीत नव्हतं. भटजी हळूच म्हणाले, मी हात धरतो. मी हात धरू दिला नाही. मला जी अक्षरं न चुकता येत होती त्यांतली दोन मी काढली. र. मा. लोक म्हणाले, वा, सुंदर नाव निवडलं. मी निवडलं नव्हतं. मला तेवढंच येत होतं.

माहेरी तिला सगळे 'बाय' म्हणायचे. सासरी रमा. आणि मी तर रमा म्हणूनही कधी हाक मारली नाही. "अगं, ऐकलंस का" एवढंच. ती ऐकायची. माझ्या एका 'द्र'साठी तिनं पन्नास वर्षं दुसरंच नाव वापरलं, आणि तांदळात लिहिताना माझं बोट का थबकलं हे तिला नक्की दिसलं असणार. ती ताटाच्या पलीकडेच बसली होती.

आता तुम्हाला वाटेल, मी तसाच उठलो आणि त्याच्या दारात गेलो. चार खोल्या तर सोडायच्या होत्या. नाही गेलो. आज जातो, उद्या जातो. काय सांगू, कुठल्या तोंडानं सांगू, आणि पोरानं चार शब्द सुनावले तर? आयुष्यात मी सुपरवायझरची माफी मागितली नव्हती, एकदा मेमो घेतला पण मागितली नाही. ती ताठ मान मला इतकी वर्षं मिरवायला पुरली होती.

या दिवसांत एकदा तो मला मासळी बाजारात दिसला. हातात पिशवी, दाढी वाढलेली, गिटार नाही. गिटारीशिवाय मी त्याला कधी बघितलंच नव्हतं, खांदा एका बाजूला पडल्यासारखा वाटत होता. मी वळायला बघितलं, पण त्यानं बघितलं होतं. माझ्यासाठी बाजूला झाला, वाट दिली.

"काका, जेवलात का?"

त्यात टोमणा नव्हता. खरंच विचारत होता. एकटा माणूस, करून खातो की नाही, म्हणून.

"हो," मी म्हटलं आणि पुढे गेलो. सगळं सांगायची जागा होती ती. मी 'हो' म्हटलं.

आणखी दोन महिने गेले. चाळीची सत्यनारायणाची पूजा होती. आरती झाल्यावर मी सेक्रेटरीच्या हातातला माईक घेतला.

"घाटकोपरला मी जे बोललो ते खोटं होतं," मी म्हटलं. "चंद्रकला म्हणजे माझी बायको. ते तिचं माहेरचं नाव. त्यानं बरोबर नाव घेतलं होतं. मीच ते विसरलो होतो."

मागून कोणी तरी म्हणालं, "बायकोचं नाव विसरले काका!" आणि हशा झाला. सेक्रेटरी माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "जाऊ द्या हो काका. जुनं झालं ते. प्रसाद घ्या." एवढंच. घाटकोपरला सगळ्यांचे मोबाईल वर होते. इथे एकाचाही खिशातून बाहेर आला नाही.

प्रसादाचा द्रोण हातात घेऊनच मी चार खोल्या ओलांडल्या. दार त्याच्या आईनं उघडलं. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान असेल, मला ती 'भाऊ' म्हणते.

"या भाऊ. तो नाही."

"कधी येईल?"

"गेला तो. जालन्याकडे, आमच्या गावाजवळ. शाळेत पोरांना गाणं शिकवतो. पंधरा दिवस झाले."

पंधरा दिवस. भिंतीला भिंत नाही, पण एकाच गॅलरीत राहतो आम्ही, आणि मला पत्ता नाही. मी नजर चुकवून जायचो ना, त्यामुळे.

तिनं बसायला सांगितलं. मी द्रोण पुढे केला आणि म्हटलं, "वहिनी, माझं चुकलं." हे शब्द तोंडातून निघायला किती वेळ लागला ते मलाच माहीत.

तिनं द्रोण घेतला. "मला कशाला सांगता? मला सगळं माहीत होतं. आजारी पडायच्या आधी रमाताई याच खाटेवर बसल्या होत्या. पोरगा म्हणत होता, काकी, शेवटच्या ओळीत रमा टाकतो. आमच्यात रमा म्हणजे आईच, त्याला तेच हवं होतं. तर त्या म्हणाल्या, नको, माहेरचं पयलं नाव टाक, ओव्या तिथल्या आहेत. आणि यांना आधी सांगू नकोस. बघूया ओळखतात का. आणि हसल्या, भाऊ. लई हसल्या."

बघूया ओळखतात का.

"मग त्यानं तेव्हाच का नाही सांगितलं?" मी विचारलं. "स्टेजवर. दोन शब्दांचं काम होतं."

"मीही तेच म्हटलं. सांगून टाक, म्हटलं, तुझं नाव खराब झालं. तर म्हणाला, आई, मी कुठेही जाऊन राहीन. काकांना याच चाळीत राहायचंय."

तिनं चहा ठेवला. मग मोबाईल घेऊन आली. "थांबा, लावून देते. त्यालाच सांगा."

मी नको म्हणेपर्यंत फोन माझ्या हातात आला आणि पलीकडून आवाज आला. "हां आई, बोल."

मी फोन कानाला घट्ट धरला.

"आई? ऐकू येत नाहीये."

मी त्याचा काका म्हणून बोलू शकलो असतो. पण तो हक्क मी मैदानात सोडून आलो होतो. आणि कारखान्यातला अमुक तमुक म्हणून बोलावं, तर त्या माणसाचं त्याच्याशी काय काम?

"मी," मी म्हटलं, "चंद्रकलाचा नवरा बोलतोय."

श्वास ऐकू येत होता, एवढंच. मग मागे शाळेची घंटा झाली, पोरांचा गलका उठला, कोणी तरी "सर, सर" म्हणून हाका मारत जवळ आलं. आणि फोन बंद झाला.

त्यानं ठेवला की आपोआप तुटला, ते मला कळलं नाही. त्याच्या आईनं परत लावू का विचारलं. मी म्हटलं, नको, तो वर्गात जात असेल.